छप्पर का उडतं?

आधी एक गंमत करून पाहा. वहीच्या पानाची दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. तिचं एक टोक खालच्या ओठाला टेकवून धरा. दुसरं टोक खाली लोंबेल. आता पट्टीच्या वरून जोरात फुंकर मारा. काय झालं? पट्टी खाली दबायच्या ऐवजी वर उचलली गेली ना!

वादळात घराचं छप्परही असंच उडतं, बरं का. आपल्याला वाटतं, वारा छपराला नुसता ढकलतो. पण तो छपराला वर ओढतोसुद्धा. छपरावरून वेगानं वारा गेला की वरच्या बाजूचा हवेचा दाब कमी होतो. खालचा दाब तेवढाच राहतो, आणि छप्पर वर उचललं जातं. त्यातच एखादी खिडकी फुटली, तर वारा घरात घुसतो आणि फुग्यात हवा भरावी तसा आतून छपराला रेटा देतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. पण समजलं ते ३ जून २०२० ला. त्या दिवशी भर दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त होता. आमच्या घराच्या पडवीवर पत्रे होते. त्यांचे हूक गंजलेले. “पावसाळ्याआधी बदलू,” असं मी दोन वर्षं म्हणत होते! आम्ही शेजारच्या स्लॅबच्या घरात बसलो होतो. आई मात्र घर सोडायला तयार नव्हती. “माझं घर टाकून मी नाही येणार,” म्हणाली. शेवटी हाताला धरून आणलं. तासाभरात आमच्या पडवीचे पत्रे पतंगासारखे उडून नारळाच्या झाडांत अडकले. आई जिथे बसायची, त्या बाकावर वासा पडला होता. तिथून पुढे दोन दिवस ती काही बोलली नाही, आणि मीही.

समुद्र घरात येतो तेव्हा

वाऱ्याबरोबर दुसरा शत्रू येतो, तो म्हणजे समुद्र. वादळाचा वारा तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. समुद्र उथळ असला की त्या पाण्याला खाली जायला वाव मिळत नाही. मग ते वर चढतं आणि जमिनीवर येतं. ही एखादी लाट नसते. सगळा समुद्रच वर आलेला असतो. त्यात भरतीची वेळ असेल तर विचारूच नका. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच हौद पाण्यानं भरला, तर त्या पाण्याचं वजन होतं १००० किलो! असे हजारो हौद घरावर येऊन आदळले, तर भिंत काय टिकणार?

अमेरिकेत टेक्सास राज्यात गॅल्व्हेस्टन नावाचं बेटावरचं गाव आहे. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यालाच तिकडे हरिकेन म्हणतात. १९०० साली या गावातली सर्वात उंच जागा समुद्रापासून ९ फूटसुद्धा नव्हती. ८ सप्टेंबरला हरिकेन आलं आणि पाणी १५ फुटांवर चढलं. निदान ६००० माणसं मेली. हजारो घरं नाहीशी झाली.

तुम्ही म्हणाल, मग लोक गाव सोडून गेले असतील. काही गेले. पण राहिलेल्यांनी काय केलं, ऐका. त्यांनी समुद्राच्या बाजूला १७ फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली. तीन मैलांहून लांब असा तिचा पहिला भाग १९०४ साली पुरा झाला. आणि मग त्यांनी चक्क गावच उचललं! मोटारीचं चाक बदलताना गाडीखाली जॅक लावतात ना, तसे स्क्रूचे जॅक घरांखाली लावले. ते हळूहळू फिरवत दोन हजारांहून जास्त इमारती वर उचलल्या. समुद्रातून काढलेली वाळू पाण्यात कालवून पाइपांनी खाली भरली. ३००० टनांचं एक चर्च ७०० जॅक लावून पाच फूट उचललं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. तोवर लोक फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत होते.

१९१५ साली तसंच मोठं हरिकेन आलं, पण भिंतीआडच्या गावात फार थोडे लोक दगावले. म्हणजे भिंत बांधली की झालं? नाही हं! भिंतीपुढची वाळू लाटांनी वाहून गेली. २००८ च्या ‘आइक’ वादळात तर पाणी भिंतीला वळसा घालून मागच्या खाडीतून गावात शिरलं. म्हणून वेळेवर सुरक्षित जागी जाणं भिंत असली तरी चुकत नाही.

वाऱ्याचा धडा फ्लोरिडा राज्याला मिळाला तो २४ ऑगस्ट १९९२ ला, ‘अँड्र्यू’ हरिकेनमुळे. तिथली हजारो घरं मोडली. नंतर तपासणी केली, तेव्हा कितीतरी छपरं नीट ठोकलेलीच नव्हती! मग बांधकामाचे नियम कडक झाले. आता तिथे छपराचं लाकूड धातूच्या पट्ट्यांनी भिंतीशी जखडतात. भिंत पायाशी बांधलेली असते. पायापासून छपरापर्यंत एक अखंड साखळीच म्हणा. साखळीची एक कडी सुटली की सगळं सुटतं.

आपण काय करायचं?

घरातल्या मोठ्या माणसांबरोबर या सुट्टीत घराभोवती एक फेरी मारा. वही-पेन्सिल घ्या आणि टिपून ठेवा.

पत्र्यांचे हूक गंजलेत का? वासे भिंतीशी पक्के बांधलेले आहेत का? खिडक्यांच्या कड्या लागतात का? ‘वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात’ असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. फुग्याची गोष्ट आठवा! घरावर झुकलेली वाळकी फांदी आहे का? अंगणातल्या बादल्या, सायकली, फळ्या वादळाआधी आत घ्यायच्या. नाहीतर त्याच उडून शेजाऱ्याची खिडकी फोडतात. छपरावर मात्र तुम्ही चढायचं नाही, ते काम सुताराचं.

आणि गावाच्या किनाऱ्यावर सुरूचं बन किंवा खाडीत खारफुटी असेल, तर ती तोडू देऊ नका. ती झाडं वाऱ्याचा आणि लाटांचा जोर कमी करतात.

शेवटची गोष्ट आईबाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी. घर सोडायची सूचना आली की निघायचं. कागदपत्रं, औषधं, बॅटरी एका पिशवीत आधीच भरून ठेवा. घर पुन्हा उभं राहतं.

आमच्या पडवीवर आता नवे पत्रे आहेत. दर मे महिन्यात आई स्वतः हूक तपासून घेते. आणि तो बाक? तो तिनं स्लॅबच्या खोलीत नेऊन ठेवलाय!