दामदुपटीचें आमिष

आमची वारूळवाडी नारायणगांवाला अगदीं लागून आहे. तेथील टोमॅटोच्या बाजारांत एखादा अनोळखी इसम म्हणाला, "एक क्रेट द्या, घटकाभरानें दोन देतों," तर लोक त्याला हसतील. परंतु हेंच बोलणें मोबाइलच्या पडद्यावर थोरामोठ्यांच्या नांवानें आलें, कीं शहाणा मनुष्यहि मोहांत पडतो. गेल्या हंगामांत माझा एक जुना विद्यार्थी पट्टीचे पैसे घेऊन आला व म्हणाला, "गुरुजी, पाठवूं का? दुप्पट मिळणार आहेत."

त्याला मीं तीन गोष्टी सांगितल्या. १५ जुलै २०२० रोजीं चोरांनीं बराक ओबामा, बिल गेट्स, इलॉन मस्क आदिकरून प्रसिद्ध व्यक्तींचीं ट्विटरवरील खातीं बळकाविलीं आणि 'हजार डॉलरांचें बिटकॉइन पाठवा, दोन हजारांचें परत घ्या' असा मजकूर झळकविला. कांहीं तासांत लाखाहून अधिक डॉलर त्यांच्या हातीं लागले. १२ डिसेंबर २०२१ रोजीं आपल्या पंतप्रधानांचें खातें अल्पकाळ परहस्तगत झालें. सरकार ५०० बिटकॉइन घेऊन जनतेस वांटीत आहे, अशी थाप त्यावरून मारण्यांत आली. २० सप्टेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीवरहि एका आभासी चलनाची जाहिरात दिसूं लागली. तात्पर्य, खातें खरें असलें तरी बोलणारा खरा असेलच असें नाहीं. आतां तर चेहरा आणि आवाजहि यंत्रानें बनवितां येतात.

मग ओळखावें कसें? जो खरोखर देणार आहे, तो आधीं मागेल कशाला? 'पत्ता पडताळण्यासाठीं थोडें पाठवा' ही सबब, 'दहाच मिनिटें उरलीं' ही घाई, आणि खालीं 'मला मिळाले' अशा साक्षी, हीं त्याचीं लक्षणें होत. त्या साक्षी बहुधा चोरांच्याच असतात. आभासी चलन एकदां पाठविलें, कीं तें परत फिरविणारी कोणतीहि पेढी नाहीं. आपल्या पाकिटाचे गुप्त शब्दहि कोणास सांगूं नयेत.

फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व संदेश पुसून टाकूं नयेत. 'गेलेले पैसे मिळवून देतों' म्हणणारा बहुधा दुसरा चोर असतो.

आपल्या धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम सावकाराला आवर घालण्यासाठीं होता: एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करावयाचें नाहीं. तेथपर्यंत पोहोंचण्यास वर्षें लागत. येथें दहा मिनिटांचा वायदा!

माझा विद्यार्थी वांचला, तो हुशारीनें नव्हे. पाठविण्यापूर्वीं त्यानें कोणास तरी विचारलें म्हणून. घरांतील मुलांनीं वडिलांना आणि वडिलांनीं मुलांना असें विचारण्यांत कमीपणा मानूं नये.