बर्फात सुटणं, बर्फात थांबणं

२०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला आणि ऐन हिवाळ्यातही मनालीहून लाहौलला जाणाऱ्यांची रीघ लागली. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे पोलिस सहसा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. खाली अडकलेल्यांत एमएच पाटीच्या गाड्याही असतात. चाक जागेवर फिरतं, चालक चिडून आणखी रेस देतो आणि खालचा बर्फ घासून गुळगुळीत करून ठेवतो.

मी ज्या टॅक्सीत बसलो होतो, तिचा मनालीचा चालक दुसऱ्या गिअरमध्ये अलगद क्लच सोडत निघाला. त्याचं लक्ष रस्त्याच्या रंगावर. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाची त्याला फिकीर नव्हती. तो टायरच्या खाचांत भरतो आणि बर्फ बर्फाला धरतो. धास्ती होती ती काळपट, चकाकत्या पट्ट्यांची. दिवसा वितळलेलं पाणी रात्री तिथे गोठलेलं असतं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ ते ०.८, दबलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि अशा पट्ट्यावर जेमतेम ०.१. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाला ब्रेक लागल्यावर एरवी आठ-नऊ मीटरांत थांबणारी गाडी इथे साठेक मीटर जाते.

त्यातही शून्याच्या आसपासचं तापमान सर्वांत वाईट, कारण बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. कडाक्याच्या थंडीत तोच बर्फ जरा बरा धरतो. ऊन पडलं की पर्यटक खुशीत वेग वाढवतात, हे म्हणूनच बघवत नाही.

आपले नेहमीचे टायर सात अंशांखाली कडक होऊ लागतात. हिवाळी टायर आपल्याकडे क्वचितच दिसतात, म्हणून चेन. ती इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना लावायची. हॅचबॅकची पुढची चाकं. चढावर वजन मागे सरकतं आणि नेमकी तीच हलकी होतात.

मोठ्या एसयूव्हीवाल्यांचा रुबाब मात्र मला पटत नाही. फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करते, चढायलाही. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबताना तिचा उपयोग शून्य, वर वजन जास्त. परतीच्या उतारावर आमचा चालक खालच्या गिअरमध्ये इंजिनावरच गाडी रोखत होता. ब्रेक लावायचाच तर वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळताना पाय मोकळा. टायरची पकड मुळात मूठभर. ती वळण आणि ब्रेक या दोघांत वाटली की दोघांनाही पुरत नाही.