गाडीने मोकळा श्वास घ्यावा, पण कुठून?

लखनौच्या लालबागेत मोटारींच्या सामानाची दुकाने आहेत. सीटकव्हर, हॉर्न आणि झगझगीत दिवे यांच्या गर्दीत हल्ली आणखी एका वस्तूला मागणी असते : सुळक्याच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर. कंपनीने दिलेली काळी प्लास्टिकची पेटी काढून टाकायची, हा सुळका बसवायचा, की गाडी मोकळा श्वास घेऊ लागते आणि पिकअप वाढतो, असे सांगितले जाते. घरातला तरुण मुलगा हट्ट धरतो, वडील खर्चाचा आकडा विचारतात आणि आई एवढेच विचारते, ‘‘आवाज किती होईल?’’ खरे तर तिचाच प्रश्न सर्वांत नेमका असतो.

इंजिनाला पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक लागते. वजनाने एक भाग पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा खर्ची पडते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा! ती ओढून घेताना अडथळा कमी झाला, तर जास्त हवा आत जाईल आणि ताकद वाढेल, हा तर्क काही चुकीचा नाही. शर्यतीच्या गाड्यांत तो खराही ठरतो, कारण तिथे अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असतो.

हजरतगंजच्या गर्दीत मात्र पाय अॅक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला असतो. त्यावेळी हवेच्या वाटेतली थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. घराचे दार किलकिले ठेवून अंगणाचे फाटक रुंद करण्यात काय अर्थ? अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली दाखवून दिले, की आधुनिक इंजेक्शन गाड्यांत फिल्टर तुंबलेला असला तरी पेट्रोलच्या खर्चात विशेष फरक पडत नाही. फक्त जोरात वेग घेताना गाडी मंदावते.

त्यात लखनौचा उन्हाळा. सुळका पुष्कळदा बॉनेटखाली, इंजिनाच्या धगीतच बसवला जातो. २५ अंशांची हवा ५५ अंशांवर गेली, की ती सुमारे ९ टक्के विरळ होते. म्हणजे वाट मोकळी केली आणि तीतून आली हलकी हवा! कंपनीची नळी बहुधा पुढच्या बाजूने, इंजिनापासून दूरची थंड हवा ओढते, ते उगाच नव्हे. कार्बुरेटरच्या काही जुन्या गाड्यांत तर या नळीचे तोंड उन्हाळ्यात थंड बाजूला आणि हिवाळ्यात गरम बाजूला वळवण्याची सोय असे. त्या नळीला जोडलेला रिकामा डबा अनेकांना निरुपयोगी वाटतो. पण तो हवा ओढण्याचा आवाज गिळतो. तो काढला की इंजिनाची घरघर कानावर येते आणि चालवणाऱ्याला वाटते, गाडी तगडी झाली. बहुतेक ‘वाढलेला पिकअप’ हा असा कानांनी मोजलेला असतो.

धुळीचा मुद्दा याहून गंभीर आहे. मे-जूनमध्ये उत्तर प्रदेशात लू वाहते, अधूनमधून ‘आँधी’ येते. बारीक धूळ फिल्टरमधून निसटली, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासले जातात. गाडी ऑइल खाऊ लागते, धूर सोडते आणि मग इंजिन उघडण्याचा खर्च येतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसून त्याचे मोजमाप बिघडवते. अशा बिघाडाचा संबंध बदलाशी लागला, तर वॉरंटीतही हात आखडता घेतला जाऊ शकतो.

काही हौशी मंडळी धग टाळण्यासाठी फिल्टर बंपरमागे खाली नेतात. ३१ जुलै २०२४ रोजी लखनौत असा पाऊस झाला, की विधान भवनातही पाणी शिरले. अशा दिवशी खाली बसवलेला फिल्टर हवेऐवजी पाणी ओढतो. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत पाण्यात अडकलेल्या मोटारमालकांना हे वेगळे सांगायला नको. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नये, ती ढकलून वा ओढूनच बाहेर काढावी.

आवाजाची दखल तर न्यायालयानेच घेतली आहे. जुलै २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या गोंगाटाविरुद्ध आपण होऊन याचिका दाखल करून घेतली. ते प्रकरण सायलेन्सरचे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

मग गाडीचा दम वाढवायचाच नाही का? गेलेला दम परत मिळवता येतो, आणि तोही स्वस्तात. कंपनीच्या मापाचा कागदी फिल्टर धुळीच्या दिवसांत पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावा. रबरी नळीला चीर नाही ना, फिल्टरच्या कडेचे रबर नीट बसले आहे ना, नळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलेला नाही ना, हे पाहावे. पेटीच्या क्लिपा घाईत अर्धवट लावल्या जातात आणि त्या फटीतून न गाळलेली धूळ थेट आत जाते. म्हणून गॅरेजमधून निघण्यापूर्वी बॉनेट उघडून त्या एकदा स्वतः दाबून पाहाव्यात.