गाडी कोणाच्या पैशाने धावते?

आपल्या गावाच्या नावातच स्टेशन आहे. मूळ लासूरगाव निराळे. रेल्वे आली, स्टेशनभोवती पेठ वसली, कांद्याचा बाजार भरू लागला आणि ‘लासूर स्टेशन’ हेच नाव रूढ झाले. अशा गावातील माणसांनी वाहतुकीचा प्रश्न समजून घेणे अगत्याचे आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत 1901 सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनपर्यंतचा प्रवास तिकिटाच्या बळावर सुखाने झाला. पुढे बैलगाडी हवी होती. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. पुढे 1929 साली, आपल्या कन्नड घाटापलीकडच्या चाळीसगावात, टांगेवाल्यांनी बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना नेण्यास नकार दिला. समाजातील एका नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. दोन्ही वेळा प्रवास अडला तो रेल्वेच्या डब्यात नव्हे, स्टेशन ते वस्ती या शेवटच्या टप्प्यात. तिथे वाहन होते, पण ते मालकाच्या मर्जीचे होते. तिकीट काढले की कोणाचीही मर्जी सांभाळावी लागत नाही, हा सार्वजनिक वाहनाचा खरा अर्थ होय.

हा शेवटचा टप्पा आपल्याकडे पुढे बसने जोडला. निजाम राजवटीत 1932 साली रेल्वेच्याच रस्ते वाहतूक विभागाने 27 बसगाड्या सुरू केल्या. म्हणजे रेल्वे आणि बस एकाच कार्यालयाच्या हाताखाली होत्या! आज दोघींची वेळापत्रके एकमेकींना ओळखत नाहीत. मुंबई राज्यात 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि 1961 साली मराठवाड्याची बससेवाही त्याच महामंडळात आली.

आता पैशाची गोष्ट. एखादी फेरी ठेवावी की बंद करावी हे आगारात बहुधा दोन आकड्यांवर ठरते: भारमान आणि किलोमीटरमागचे उत्पन्न. 44 आसनांच्या गाडीत सरासरी 22 प्रवासी असले तर भारमान 50 टक्के. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसलेली गाडी इतर दिवशी निम्मी रिकामी धावते, सरासरी खाली येते आणि ‘भारमान कमी’ असा शेरा पडतो. शेरा मारणाऱ्यास दोष देऊन उपयोग नाही. त्याच्यापुढे तोट्याचा कागद असतो. 1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने व्यापारी तत्त्वावर कारभार करण्यास सांगितले आहे. परंतु त्याच कायद्यात केंद्र व राज्य सरकारांनी महामंडळास भांडवल पुरविण्याची तरतूदही आहे. पहिले कलम सर्वांना पाठ, दुसऱ्याची आठवण आपण करून द्यावयाची आहे. वर्षानुवर्षे याच एस.टी.च्या तिकिटातून 17.5 टक्के प्रवासी कर सरकारने वसूल केला. 2025 साली शासनाने काढलेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा 10 हजार कोटींच्या पुढे दाखविला आहे. त्याच वर्षी जानेवारीत भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. भार पुन्हा प्रवाशावरच आला.

सरकारने पैसा ओतला की काय होते, याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील 125 मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी निळ्या बसगाड्या देण्यात आल्या. त्या गाड्या भारमानावर सुरू झाल्या नाहीत. मुलीने शिकावे हा हेतू धरून शासनाने खर्च उचलला. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, तेही शासनाने फरक देण्याचे मान्य केल्यामुळे. मात्र सवलत जाहीर होते आणि गाडीच येत नाही, अशी सवलत काय कामाची?

मागणी रेटून धरल्याने काय घडते हे आपल्या रेल्वेमार्गानेच दाखविले आहे. मनमाड–सिकंदराबाद मार्ग पूर्वी अरुंद मीटरगेजचा होता. मनमाडला प्रवाशांनी गाडी बदलायची आणि मालाची प्रत्येक गोणी हमालाने एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायची, असा प्रकार होता. (याच मनमाडला फेब्रुवारी 1938 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाले. पुढे अंकाई–औरंगाबाद या सुमारे 98 किलोमीटरच्या दुहेरीकरणास मंजुरी मिळाली. त्या पट्ट्यात आपले स्टेशन येते. मार्ग एकेरी असतो तोवर समोरची गाडी येईपर्यंत पॅसेंजरला थांबावेच लागते, म्हणून मंजुरीनंतरच्या निधीवरही लक्ष ठेवले पाहिजे.

आपल्या संस्थेने काय करावे? नुसते ‘बस सुरू करा’ असे निवेदन फाईलमध्ये जाऊन पडते. प्रथम दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली आपल्या मार्गावरील गेल्या सहा महिन्यांचे फेरीनिहाय उत्पन्न व भारमान मागवावे. दुसरीकडे विद्यार्थ्यांनी थांब्यावर उभे राहून आठवडाभर वहीत टिपावे: किती जण उभे होते, किती जण काळीपिवळीत कोंबून गेले, किती मुली परत घरी गेल्या. पासधारक वेगळे मोजावेत, कारण पासाचा पैसा गाडीत नव्हे, आगारात जमा होतो. हे दोन्ही कागद जोडून ग्रामसभेचा ठराव करावा आणि तो आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक व आमदारांना द्यावा. तोटा भरून देण्याची मागणी मात्र आगाराकडे नव्हे, शासनाकडे करावी. आगार व्यवस्थापकाच्या हाती तिजोरी नसते. रेल्वेच्या थांब्याचे निवेदन नांदेड विभागाकडे पाठवावे.

हे सारे जूनपूर्वी उरकलेले बरे. शाळा उघडल्या की आगारात पासांचे काम वाढते आणि अर्ज वाचायला कोणालाही सवड नसते.