कुरणातील विषारी तण : घाणेरी व रानमोडी

रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर मे महिन्याच्या अखेरीस हिरवे असे फारसे काही उरत नाही. गवत करपलेले असते, गोठ्यामागच्या पेंढ्याच्या उडव्या संपत आलेल्या असतात, घाणेरी मात्र हिरवी राहते. पोट भरलेले जनावर तिला सहसा तोंड लावीत नाही. भुकेले वासरू किंवा बाहेरगावाहून नव्याने आणलेली गाय मात्र तिचा पाला खाते, आणि तेथून संकट सुरू होते.

घाणेरी, अर्थात टणटणी, मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती शोभेच्या कुंपणासाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. तिच्या पानांतील लँटाडीन हे द्रव्य यकृतावर आघात करते व पित्ताचा मार्ग रोखते. चाऱ्यातील हरितद्रव्य पचताना तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे बाहेर पडतो, तो मग रक्तात साचतो आणि ऊन लागताच कातडी भाजल्यासारखी होते. पांढऱ्या अंगाच्या जनावरांना हा त्रास अधिक. जनावर चारा सोडते, त्याला बद्धकोष्ठ होतो, डोळे पिवळे पडतात, नाकपुडी सुजून फुटते. गावात पुष्कळदा याला ‘ऊन बाधले’ किंवा ‘नजर लागली’ असे म्हणून दोन-तीन दिवस वाया घालविले जातात. खाल्लेला पाला पोटात असेपर्यंत विष रक्तात भिनतच राहते. म्हणून जनावर तत्काळ सावलीत बांधावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे, हेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

घाणेरी कोयत्याने छाटून भागत नाही. छाटलेल्या बुंध्यातून ती दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील अभ्यासकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेली रीत सोपी आहे : जमिनीखाली सुमारे ३ ते ५ सेंटिमीटरवर, फुटवे येण्याच्या भागाच्या खाली, मुख्य मूळ कुदळीने तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की हे काम हलके होते. उपटलेली झुडपे गुरांच्या वाटेवर टाकू नयेत, कारण वाळलेल्या पानांतही विष टिकते.

रानमोडीची गोष्ट थोडी निराळी. तिचा रस जखमेवर लावणारे आपल्याकडे अनेक आहेत, त्यामुळे तिच्याविषयी मनात राग नसतो. पण तिच्या कोवळ्या पाल्यातील नायट्रेट गुरांना घातक ठरते, आणि उन्हाळ्यात ती वाळली की आंबा-काजूच्या बागेत वणव्याला सरपणच मिळते. ती फुलते थंडीच्या आरंभी आणि बी वाऱ्यावर दूर जाते. म्हणून दिवाळीच्या सुमारास, कळ्या धरण्यापूर्वी, ती मुळासकट काढावी. शुभवर्तमानातील निदणाच्या दाखल्यात धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. ते निदणही विषारीच होते, पण तेथे गहू उपटला जाण्याची भीती होती. रानमोडीच्या बाबतीत थांबणे परवडत नाही.

पूर्वी भाजावळीसाठी कवळ तोडले जाई, गवत कापले जाई, रानात माणसांचा वावर असे. आता तरुण मंडळी मुंबईला, जमीन पडीक, आणि तण मोकळे. मोकळी केलेली जागा रिकामी ठेवली तर तेच तण परत येते. तेथे दीनानाथ गवत किंवा स्टायलोसारखे चाऱ्याचे पीक लगेच पेरावे.

अंगणातील कण्हेर आणि पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी याही विषारी आहेत. कळलावी आपल्याच मातीतली असून औषधासाठी ओरबाडली जाते. तिचा नायनाट करू नये, फक्त मुलांना व गुरांना तिच्यापासून दूर ठेवावे. कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या मात्र शेळ्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशा पुरून टाकाव्यात.

तणनाशकाची फवारणी आम्हांला सुचवावीशी वाटत नाही. ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित फवारणीकारांपुरता मर्यादित करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२२ साली काढला होता. शिवाय आपला जांभा दगड सच्छिद्र. सड्यावर फवारलेले औषध पावसाबरोबर झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीत उतरू शकते.