दांडपट्टा भारी का त्रिशूळ?

मागचं व्याख्यान जड झालं अशी तक्रार आली, म्हणून आज हत्यारांवर बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसाचा हत्यारांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तो संबंध माझ्या नातवाने जोडला. दिवाळीच्या सुट्टीत बीडला आला होता, संगणकावरून हलेना. मध्येच मान वर करून विचारतो, "आजोबा, दांडपट्टा भारी का त्रिशूळ?"

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण उत्तर सुचेना. लेकरू खेळत होतं तो गेम म्हणजे 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली काढला. सर्कशीत कसरती करणारी राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य मिळतं. देखणं काम आहे, मी शेजारी बसून बराच वेळ बघत होतो.

आता बघा, शार्ङ्ग धनुष्याचं वजन किती? कथेत सांगितलं असेल तेवढंच. सांगितलं नसेल, तर प्रश्नाला उत्तरच नाही. कल्पनेतल्या वस्तूला कथेने दिले तेवढेच गुण असतात. खऱ्या वस्तूचं तसं नसतं. तिचं वजन कुणी केलं नसलं तरी ते असतंच, आणि आपण ते चुकीचं सांगू शकतो. इथे चूक होऊ शकते, हा मुद्दा धरून ठेवा.

वाघनखांचंच घ्या. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्याला आली, ठरावीक मुदतीसाठी. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती तिकडे गेली. १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी वापरली ती हीच का? याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. लोक चिडले. मला मात्र यात चिडण्यासारखं काही दिसलं नाही. वस्तू खरी आहे म्हणून तर वाद घालता येतो! शार्ङ्ग धनुष्य हेच का, असा वाद कोण घालणार?

गेममध्ये काय होतं, की ही दोन्ही जातीची हत्यारं एका तक्त्यात येऊन बसतात. मारा इतका, वेग इतका, पल्ला इतका. तक्त्यात गेलं की खरं हत्यारसुद्धा काल्पनिक होतं, कारण आता त्याला तक्त्याने दिले तेवढेच गुण उरले.

आपली कट्यार बघा. तिची मूठ आडवी असते. मूठ आवळली की पातं थेट बोटांच्या पुढे येतं आणि सगळ्या दंडाची ताकद खुपसण्यात उतरते. 'डायब्लो २' या अमेरिकी गेमच्या २००१ च्या पुरवणीत 'कटार' नाव आलं, पण बसवलं पंज्यांच्या गटात! नाव आपलं, वस्तू भलतीच. जपानी 'एल्डन रिंग'मध्ये २०२२ साली तीच कटार बरीचशी आडव्या मुठीसह आली, हेही सांगायला हवं. म्हणजे गेमवाले नेहमीच चुकतात असं नाही. पण खेळणाऱ्या पोराला दोन्हींतला फरक कळणार कसा? पडद्यावर जे आहे ते त्याच्यापुरतं बरोबरच असतं.

दांडपट्ट्याची गोष्ट तर आणखी अवघड. राज्य सरकारने २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्यात हात कोपराच्या अलीकडपर्यंत लोखंडी खोळीत जातो, मनगट जवळजवळ वळतच नाही. म्हणून तो फिरवायचा खांद्यातून, कमरेतून, पायांतून. लांब लवचीक पातं, जरा चुकलात तर स्वतःलाच लागणार. मर्दानी खेळात पट्टेकरी माणसाच्या अंगावर ठेवलेलं लिंबू कापतो, त्यामागे किती वर्षांची तालीम असेल! गेममध्ये ती तालीम बटणात शिरते. खेळणाऱ्याच्या खांद्याला काही कळत नाही.

आणखी एक. आपल्या हद्दीला लागूनच खर्डा आहे, जामखेड तालुक्यात. ११ मार्च १७९५ ला तिथे मराठे आणि निजाम भिडले. दोन्हीकडे तोफा, कवायती पलटणी, सगळा जामानिमा. पण रात्री गोंधळ उडाला, निजामाने खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घेतला आणि तिथे त्याच्या फौजेची कोंडी झाली. पाणी मिळेना. शेवटी तह करावा लागला. मोठ्या फौजांच्या मानाने माणसं फार पडली नाहीत. आता हे तक्त्यात कुठे लिहायचं? तहान हे हत्यार कुठल्या रकान्यात बसवणार? बीडच्या माणसाला मी हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं मी नातवाला सांगितलं, अर्थात सोपं करून. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आजोबा, गेममध्ये पाणी प्यायचं बटण ठेवता येईल ना?"

येईल की. आणि ते ठेवलं, तर विहिरी कुणाच्या ताब्यात आहेत तेही दाखवावं लागेल. मी तसं म्हणालो, तर पठ्ठ्या वही घेऊन किल्ल्याचा नकाशा काढायला बसला. विहीर कुठे होती म्हणून मला विचारत होता. पुढच्या सुट्टीत खर्ड्याला जायचं ठरलंय.

बरं, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.