मुलाची खाज, आईची जाग

रात्रभर मूल कोपराची, गुडघ्यामागची लवण खाजवतं आणि आईच्याही डोळ्याला डोळा लागत नाही. ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय’ म्हणून गप्प बसू नका. इसबाची कातडी मुळातच कोरडी. खाजवलं की चिरते, जंतू शिरतात, चिघळते. म्हणून कोमट पाण्याने दहा मिनिटांत आंघोळ आटपा. उटणं नको. पंचाने टिपून, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा. नखं कापा, सुती कपडे घाला. पिवळी खपली धरली, पू किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवाच. शेजारणीची ट्यूब मात्र लावू नका; तीत स्टेरॉइड असू शकतं. डॉक्टरांनी दिलेलं मलम सांगितले तितके दिवस नेमाने लावा. आणि कातडी स्वच्छ दिसली तरी रोजचं तेल सोडू नका. तिथेच बहुतेकींचं चुकतं!